बिनलोण्याचे बोटवे

वहिनी,

तू गेल्यापासून घरातले सगळे माझ्याशी फार नीट वागतायत. शोभा, बायको असून, न मागता पाण्याचा तांब्या आणून ठेवते. माझ्या प्रत्येक वाक्यावर "गप रे" म्हणणारा दादा आता मी तोंड उघडलं की ऐकून घेतो. पोरंसुद्धा पाय न वाजवता हिंडतात. कुणीतरी एकानं मला चार शब्द सुनावावेत म्हणून मी वाट बघतोय, आणि कुणी सुनावत नाही. तू असतीस तर तूही सुनावलं नसतंस, खरी पंचाईत तीच आहे. आयुष्यात तू स्वतःसाठी माझ्याकडं एकदाच काही मागितलंस. मी दिलं नाही आणि तू पुन्हा तो विषय काढला नाहीस.

भेटायला येणारी माणसं तुझ्या सँडविचबद्दल बोलतात. कर्णिकबाई येऊन गेल्या. डोळे पुसत म्हणाल्या, "लोणी नाही, काही नाही, आणि तरी पहिला फडशा वहिनींच्या सँडविचचा पडायचा. काय गुपित होतं कुणास ठाऊक." मी मान हलवली. लोणी का नव्हतं ते मला माहीत होतं, दादाला होतं, शोभाला होतं. कॉलनीत कुणी विचारलं तर तू म्हणायचीस, "आमच्याकडं असेच असत्यात." एवढ्या एका वाक्याखाली तू माझी अब्रू झाकून ठेवलीस, आणि मला ते सोयीचं होतं म्हणून मीही झाकू दिलं.

मी माणदेशातून चिंचवडला आलो तेव्हा मला धड मिसरूड फुटलं नव्हतं. दादा कंपनीत मशीन शॉपला होता. दोन खोल्यांत तुम्ही दोघं, तुमची दोन पोरं आणि वर मी. दादानं साहेबाला सांगून मला टर्नर म्हणून चिकटवलं, पण टेम्पररी. टेम्पररी म्हणजे काही महिने काम आणि मग ब्रेक. ब्रेक म्हणजे घरी बसायचं, पुन्हा बोलावणं येईपर्यंत. सकाळी भोंगा झाला की सगळी कॉलनी सायकलवर बसून गेटकडं जायची आणि मी खाटेवर भिंतीकडं तोंड करून पडायचो. तू मला उठवून कधी उपदेश केला नाहीस. "भावजी, रॉकेलची लाइन लागलीया, जरा उभं ऱ्हाता का?" म्हणायचीस. लाइन तूही लावू शकली असतीस. मला चार माणसांत उभं करायचं होतं तुला.

मी तुला पहिल्या दिवसापासून अगंतुगं केलं आणि तू, वयानं मोठी असून, मला अखेरपर्यंत "तुमी" म्हणालीस. रीतच तशी, म्हणून कधी खटकलं नाही. आता खटकतं.

तिसऱ्या ब्रेकनंतर तू आणि दादा गावी देवीच्या जत्रेला जाऊन आलात. परत आल्यावर संध्याकाळी चहा केलास. सगळ्यांच्या कपात दुधाचा आणि तुझ्या कपात कोरा.

"दूध संपलं काय गं?"

"न्हाई, हाय की."

दादानं सांगितलं तेव्हा कळलं. देवीपुढं उभं राहून तू बोलून आली होतीस. भावजी पर्मनंट होत न्हाईत तोवर दूध-दही-ताक-तूप-लोणी बंद. झाले की त्यांच्याच हातानं दुधाचा एक घोट घेऊन सोडीन.

मला हसू आलं. त्या वेळी मी युनियनच्या गेट मीटिंगला जायला लागलो होतो आणि नवससायास हा विषय निघाला की माझी जीभ फार चालायची. म्हटलं, "वहिनी, देवीला कंपनीचा गेटपास कोण देणार?"

"तिला पास कशाला लागतोय? तुमच्या साहेबाला लागतोय."

"ते जाऊ दे. पण मला विचारायचं तरी. नवस तुझा आणि हात माझा?"

"आता तुमचा हात काय कापून न्हेणार हाय व्हय मी? घोटभर दूध, भावजी."

तू हसलीस, मी हसलो, दादा "गप रे" म्हणाला आणि विषय संपला. पण मनात एक सल राहिला. माझा हात मला न विचारता कुणीतरी देवीकडं गहाण ठेवून आलंय, असं मला वाटत राहिलं. पुढं मी त्याला तत्त्व म्हणायला लागलो.

दूध सोडणं तुला किती जड गेलं असेल, याचा विचार त्या वयात मनाला शिवला नाही. तुझ्या माहेरी म्हशी होत्या. भाकरीवर सायीचा गोळा घेऊन खात वाढलेली पोर तू. घरात तर सगळ्यांना दूध-तूप लागायचं, ते तू करायचीस. ताक घुसळायचीस, लोणी कढवायचीस, खरवड पोरांना खायला द्यायचीस. फक्त चव बघायची नाहीस. घरच्यांचं अंदाजानं भागायचं. पाहुण्यांच्या बाबतीत मात्र तुझा हट्ट होता, की स्वतः चाखल्याशिवाय परक्याच्या पुढं काही ठेवायचं नाही. त्यामुळं कढी गेली, खीर गेली, श्रीखंड गेलं. घरी कुणी यायचं म्हटलं की तुझी पंचाईत व्हायची. दर खेपेला भजीच तळणार का, असं दादा चिडवायचा.

मग कर्णिकबाईंनी तुला त्यांच्या मुलीच्या वाढदिवसाला मदतीला बोलावलं. कर्णिक म्हणजे दादाच्या खात्यातले मोठे साहेब, बंगल्यात राहायचे. तिथून तू आलीस ती पदर खोचूनच.

"बोटवे करत्यात त्या. ब्रेडचे."

"काय?"

"हे एवढे एवढे. लग्नाच्या खिरीला आपण बोटानं वळतो तसे लांबडे. आणि म्हनं फिंगर! मधी काकडी घालत्यात, लोणी लावत्यात. उन्हानं लोणी पाझारलं नि पाव झाला लिबलिबीत. एकेक उचलायला गेलं की मान टाकतंय."

त्या दिवसापासून आमच्या घरात फिंगर सँडविचला बोटवे हेच नाव पडलं. पुढं कॉलनीत कर्णिकबाई सोडून सगळ्या तेच म्हणायला लागल्या.

तू स्वतःचे बोटवे करायचे ठरवलंस. आधी ब्रेडची खात्री. पिंपरी कॅम्पातल्या बेकरीवाल्याला तू माझ्यादेखत विचारलंस, ह्यात दूध असतंय का. त्यानं कपाळावर हात मारला. "भाभी, दूध डालूंगा तो मेरे बच्चे क्या पिएंगे? मैदा, पानी, नमक, खमीर. खाओ आराम से." तू एवढी खूश झालीस की दोन पाव जास्त घेतलेस.

लोण्याच्या जागी काय, यावर तुझे आठ-पंधरा दिवस गेले. नुसती हिरवी चटणी लावली तर पाणी सुटून पाव ओला होतो. खोबरं लावलं तर भुरभुरतं. शेवटी तू शेंगदाणे भाजून, सोलून, कोमट पाण्यात भिजत टाकलेस आणि पाट्यावर मिरची, कोथिंबीर, आल्याचा तुकडा, मीठ, साखरेची चिमूट आणि लिंबू घालून असे वाटलेस की लोण्यासारखं मऊ झालं. ते पार कडेपर्यंत लावायचं. मधे टिचभर जागा सोडली तरी काकडीचं पाणी तिथून शिरतं. काकडीच्या चकत्या मीठ लावून फडक्यात दाबून काढायच्या, टोमॅटोच्या बिया टाकून द्यायच्या, बीट उकडून पुसून घ्यायचं. ब्रेड आदल्या दिवशीचा, ताजा कापताना चुरा होतो. तीन-चार जोड्या एकावर एक रचून वर पोळपाट ठेवायचा, थोडा वेळ दाबू द्यायचं आणि मग कडा काढून प्रत्येकाचे तीन बोटवे पाडायचे. ओलं फडकं झाकलं की तासन्‌तास तसेच राहतात. कडांना तू हिंग-मोहरीची फोडणी द्यायचीस आणि पोरं ती कढईतूनच संपवायची.

कापायचं काम माझं होतं. पहिल्या दिवशी तुझे बोटवे काही जाड, काही तिरके पडले, तेव्हा मी सुरी हातातून घेतली. तू बघत राहिलीस. "मशीनवरचा हात हाय. रेघ कशी सरळ जातीया." मग मी दर कापाला सुरी ओल्या फडक्याला पुसायला लागलो, मापात पाडायला लागलो, आणि तू म्हणालीस, "भावजी, खायचं हाय त्ये. मोटारीत बसवायचं न्हाई." तेव्हापासून तू लावणार आणि मी कापणार, हे ठरूनच गेलं.

रॉकेलची टंचाई आली तशी तुझ्या बोटव्यांना मागणी आली. स्टोव्ह जेमतेम पेटवायचा, तळण नाही, तासाभरात तीस माणसांचं खाणं तयार. कुणाचा वाढदिवस, कुणाचा सेंड-ऑफ, कुणाचं हळदीकुंकू, वहिनींना सांगा. उन्हाळ्यात सेकंड शिफ्टच्या डब्यात भाकरी जड वाटायची, तेव्हा तू मला बोटवेच द्यायचीस. शॉपमध्ये भट्टीजवळचं पोरगं दुपारचं काही खाऊ शकायचं नाही, ते माझ्या डब्यातले चार मागून घ्यायचं.

आपली सगळी भांडणं त्या ओट्यापाशी झाली. देव आहे का नाही. युनियनचा पुढारी खरा का खोटा. मी लग्न कधी करणार. मी तावातावानं बोलायचो आणि तू लावत राहायचीस. मी फारच पेटलो की एक बोटवा उचलून माझ्या तोंडात कोंबायचीस आणि म्हणायचीस, "मीठ बघा." माझं भाषण तिथंच बंद. किती वेळा तू मला असं भरवलंस, वहिनी. हिशेब नाही. मला तुझ्या हातचं खाताना कधी तत्त्व आडवं आलं नाही.

मग मी पर्मनंट झालो. आमच्या शॉपमधल्या टेम्पररी लोकांसाठी युनियननं बरंच भांडण केलं होतं, संप झाला होता, मी त्यात पुढं होतो. पत्र हातात आलं त्या रविवारी तू घरात पार्टी ठेवलीस. शॉपमधली पंधरा-वीस पोरं आली. निघोज्याचा बबन आला, माझा जिवाभावाचा मित्र, त्याचं हसणं गेटपर्यंत ऐकू जायचं. आपण दोघांनी सकाळपासून बोटवे केले होते. परातच्या परात पोरांनी साफ केली. बबन म्हणाला, "वैनी, तुमी कंपनीचं कँटीन चालवाया घ्या. आमी काम सोडून खात बसू." तू दारात उभी राहून हसत होतीस. नवं लुगडं नेसली होतीस, हे मला आत्ता लिहिताना आठवलं.

सगळ्यांचं खाणं झालं आणि तू आतून वाटी घेऊन आलीस. दुधाची. पदरात धरून, गरम असावी. माझ्यासमोर धरलीस.

"घ्या. द्या तुमच्या हातानं."

बबननं विचारलं, "काय हाय, राव?" दादानं नवसाचं सांगितलं. अभिमानानं सांगितलं बिचाऱ्यानं. आणि बबन हसला. हसला तो कशाला हसला, ते मी तेव्हा विचारलं नाही. मला वाटलं, मला हसला. आदल्याच आठवड्यात गेटवर मी बोललो होतो, की हे जे मिळालं ते देवानं दिलेलं नाही, साहेबानं दिलेलं नाही, आपण मिळवलेलं आहे. टाळ्या पडल्या होत्या. आता तीच पोरं पुढ्यात बसलेली आणि मी देवीचा नवस फेडू?

मी म्हणालो, "वहिनी, हे देवीनं नाही केलं. आम्ही संप केला. तुला दूध प्यायचं असेल तर पी की, मी कधी नको म्हटलं? पण माझ्या हातानं नाही. माझ्या हातानं दिलं तर संप देवीनं केला असं होईल."

दोघंतिघं हसले. वाक्य जमलं होतं. तू माझ्याकडं बघितलंस. रागानं बघितलं असतंस तर बरं झालं असतं. तुला वाक्य कळलं नसावं, किंवा कळलं असेल आणि त्यात तुझ्यासाठी काहीच नव्हतं. "बरं," म्हणालीस. "पुना कवातरी." आणि वाटी घेऊन आत गेलीस. मी स्वयंपाकघरात आलो तेव्हा ती ओट्यावर तशीच होती आणि तिच्यावर साय धरली होती. ती साय तू पोराच्या भाकरीवर घातलीस.

मी मनात म्हटलं होतं, पोरं गेली की देऊ. पोरं गेली. मग म्हटलं, उद्या. दुसऱ्या दिवशी मला वाटलं, काल एवढं सगळ्यांसमोर बोललो आणि आज गुपचूप द्यायचं, हे तर जास्तच लाजिरवाणं. आठवड्यानं वाटलं, तिनं पुन्हा मागितलं तर देऊ. तू मागितलं नाहीस. महिन्यानं ती माझी भूमिका झाली. वर्षानं घरातला विनोद झाला. एवढ्या क्षुल्लक गोष्टीवर माणूस असा हळूहळू अडकून बसतो, हे मला दुसऱ्याबद्दल कुणी सांगितलं असतं तर मी खो खो हसलो असतो.

मी तुला किती वेळा म्हटलं, तूच सोडव, दादाच्या हातानं घे, देवी काय रजिस्टर घेऊन बसलीय? तू म्हणायचीस, "बोलले तसं व्हायला पायजे, भावजी. न्हाईतर बोलायचं कशाला?" तुझं ते बोलणं मला अडाणीपणाचं वाटायचं. आणि मी मात्र गेटवर एकदा बोललेलं वाक्य इतकी वर्षं पाळत होतो.

शोभा लग्न होऊन या घरात आली तेव्हा पहिल्याच महिन्यात तिच्या ध्यानात आलं. "एक वाटी दूध. तुमचं काय जातंय?" मी म्हणायचो, प्रश्न वाटीचा नाही, तत्त्वाचा आहे. ती म्हणायची, "तत्त्व तुम्ही पाळताय आणि उपास त्यांना घडतोय. हे कुठलं तत्त्व?" यावर मी आवाज चढवायचो. एका कोजागिरीला मी अगदी ठरवलं होतं. मैदानात तू सगळ्यांना मसाला दूध वाटत होतीस. मी माझा पेला घेऊन तुझ्यापर्यंत आलो. तू बघितलंस, हातातलं भांडं खाली ठेवलंस, पदरानं हात पुसलेस. तेवढ्यात मागून बबन आणि दोघंजण आले आणि मी पेला दादाच्या हातात दिला. तू भांडं उचललंस आणि पुढच्या रांगेकडं गेलीस. ते पदरानं हात पुसणं माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

आणि त्या दिवशीचं. दादाच्या खात्यातल्या एकाचा सेंड-ऑफ होता. आपण दोघं ओट्यापाशी, नेहमीसारखे. तू लावत होतीस. तुझ्या हातातली सुरी खाली पडली. मी उचलून दिली आणि म्हटलं, "काय वहिनी, आज हात कामावर आला नाही वाटतं? ब्रेक दिला काय त्याला?" तू हसायला गेलीस आणि तुझं तोंड एका बाजूला ओढलं गेलं. मला वाटलं वेडावतेयस. मी हसलोसुद्धा. मग तू घसरत खाली बसलीस.

हॉस्पिटलात डॉक्टर म्हणाले, ब्लडप्रेशर, डोक्यात रक्तस्राव. मी त्यांना विचारलं, दूध-तूप काहीच नसल्यामुळं असं होतं का? ते म्हणाले, काही संबंध नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा ते जरा वैतागले. संबंध नाही हे ऐकून मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटलं नाही, वहिनी. तू दुधावाचून गेली नाहीस, पण दुधावाचून राहिलीस.

मी शोभाला म्हटलं, दूध तापव. तिनं तापवलं, वेलदोडा घातला, थर्मासमध्ये भरून दिलं. फर्स्ट शिफ्ट सुटल्यावर मी गेटवरून तसाच सायकल मारत आलो. वॉर्डात पोचलो तर तुझ्या नाकात नळी.

सिस्टर म्हणाली, "तोंडानं काही द्यायचं नाही. गिळता येत नाही त्यांना, छातीत जाईल. सकाळपासून नळीनं दूध सुरू केलंय."

मी थर्मास धरून उभा. सकाळपासून सुरू केलंय. कुणीतरी अनोळखी बाईनं, ड्यूटीचं काम म्हणून, मी ज्यासाठी एवढा अडून बसलो होतो ते करून टाकलं होतं. मी तिला म्हटलं, आताचं मी देऊ का? तिनं माझ्याकडं बघितलं, काय समजली कुणास ठाऊक. "गाळून घ्या. हळू ओता. वर धरा." नळीच्या तोंडाला काचेची पिचकारी लावली होती. मी तीत शोभानं दिलेलं दूध ओतलं. ते आपोआप खाली गेलं. ना घोट, ना चव. तुझे डोळे उघडे होते आणि खिडकीकडं लागले होते. मी वाकून म्हटलं, "वहिनी, मी देतोय. माझ्या हातानं." तू माझा हात दाबलास असं लिहायला मला आवडलं असतं. नाही दाबलास. तुला ऐकू गेलं की नाही, ते मला माहीत नाही. त्याच आठवड्यात तू गेलीस.

काल तेरावं झालं. तुझी थोरली बहीण, आक्का, गावाहून आली आहे. पानावर तुझ्या आवडीचं काय काय ठेवायचं यावर सकाळी बायकांचं बोलणं चाललं होतं. कुणी म्हणालं, साय ठेवा, दूधभात ठेवा, जन्मभर जीव होता तिचा. आक्का म्हणाली, "नवस सुटला न्हाई तर दूध कसं ठेवायचं? तिला चालायचं न्हाई."

शोभा पटकन म्हणाली, "सुटला की. ह्यांनी पाजलं ना शेवटी, नळीनं. ह्यांच्याच हातानं."

"घोट घ्यावा लागतोय, बाई. नळीचा कसला घोट?"

मग दादा भिंतीला टेकून बसला होता तो म्हणाला, "त्यालाच विचारा. हात त्याचा व्हता." मी वाटी नाकारल्यापासून या विषयावर दादा बोललेलं हे पहिलं वाक्य. आवाजात राग नव्हता.

मी मॅनेजमेंटच्या टेबलावर भल्याभल्यांशी वाद घातलाय. इथं नुसतं "सुटला" म्हणायचं होतं. शोभानं वाट काढून दिली होती, आक्का तिथं थांबली असती, पानावर साय पडली असती आणि सगळ्यांच्या जिवाला बरं वाटलं असतं. माझ्याही. तोंडात शब्द आला होता. पण तुझ्या वतीनं देवीला खोटं सांगणं मला जमलं नाही. देवी नसेल, पण तू होतीस.

"नाही सुटला," मी म्हणालो. "तिनं मागितलं होतं. मी सोडवला नाही."

आक्कानं दुधाचं पातेलं उचलून आत ठेवलं. तुझ्या पानावर दूध नाही, दही नाही, तूप नाही. आदल्या दिवशीचा ब्रेड मी आणवून ठेवला होता. शेंगदाणे वाटायला शोभानं मदत केली. लावलं मीच, कापलं मीच. मीठ जरा जास्त झालं होतं.

जेवायला बबन आला होता. पंगत उठल्यावर तो माझ्याजवळ येऊन बसला, तंबाखू मळत. मला राहवलं नाही. मी म्हटलं, "बबन, तुला ते पार्टीचं आठवतं का? मी पर्मनंट झालो त्या वेळचं? वहिनीनं दुधाची वाटी आणली होती, मी घेतली नाही. तू हसला होतास."

तो विचारात पडला. खरंच विचारात पडला. मग म्हणाला, "न्हाई बा. कसली वाटी, राव?"

मी सगळं सांगितलं. नवस, संप, माझं वाक्य. तो ऐकत राहिला. "आन मी हसलो? हसलो आसंल. मी काय, कशालाबी हसतोय." मग तंबाखू तशीच तळहातावर ठेवून म्हणाला, "माझ्या आईनंबी माझ्यापायी नवस बोलून पायातली चप्पल सोडली व्हती. पर्मनंट झालो तवा मीच तिला आळंदीच्या बाजारातनं आणून घातली. माझ्या हातानं. तुला सांगितलं न्हाई तवा. तू लई बोलायचास त्यावर."

वहिनी, मी वाटी हातात घेतली असती, तर तू एक घोट घेतला असतास, पदरानं तोंड पुसलं असतंस आणि वाटी विसळायला आत गेली असतीस. पोरं उरलेले बोटवे संपवून घरी गेली असती. एवढंच होतं.